सोबतीचा धर्म आणि नवख्याची चाल

चार जाणकार आणि त्यांच्यात एक नवखा अशी मंडळी दिवसभराच्या डोंगरवाटेला निघाली, की त्या दिवसाची चाल कोणाच्या पायांवरून ठरावी, हा प्रश्न वरवर नियोजनाचा वाटला तरी मुळात तो धर्मविचाराचा आहे. येथे धर्म म्हणजे उपासनेची पद्धत नव्हे, तर एकत्र आलेल्या माणसांना परस्परांशी बांधून ठेवणारा कर्तव्याचा नियम. या प्रश्नाला दोन उत्तरे लगेच सुचतात. सर्वांत मंद चालणाऱ्याप्रमाणे सर्वांनी चालावे हे एक, आणि ज्याला झेपत नसेल त्याने मागे थांबावे हे दुसरे. पहिल्या उत्तरात दया दिसते आणि दुसऱ्यात स्पष्टवक्तेपणा दिसतो. परंतु परंपरेतील ग्रंथ बारकाईने पाहिले असता यांपैकी कोणतेही उत्तर जसेच्या तसे टिकत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. खेड तालुक्यात सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर असलेल्या डोंगरधारेवर रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड असे तीन किल्ले उभे आहेत. झोलाई देवीचे मंदिर असलेला रसाळगड पहिल्यांदाच डोंगर चढणाऱ्यालाही जमतो. त्याच्या पुढच्या सुमारगडाची वाट मात्र दाट रानातून जाते, ती चुकण्याचा संभव मोठा असतो आणि शेवटचा चढ अंगावर येणारा आहे. कोकणातील दमट हवेत माणूस उंचीपेक्षा घामाने अधिक खचतो, तापलेला कातळ खालून भाजतो, आणि गावातल्या पाखाडीवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांच्या वाटेवर, सहज चालणारा माणूस रानातल्या घसाऱ्यावर दुसऱ्याच तासाला बसकण मारतो. रसाळगडावर पोहोचलेल्या मंडळींसमोर त्या वेळी जो निर्णय उभा राहतो, तोच या निबंधाचा विषय आहे.

हिमप्रदेशांतील लोकांना हाच निर्णय बर्फावर घ्यावा लागतो. क्रॉस-कंट्री स्कीइंग या प्रकारात, म्हणजे टाच मोकळी ठेवून लांबट पट्ट्यांवरून सपाट किंवा चढउताराच्या बर्फातून स्वतःच्या बळावर पुढे सरकण्यात, ताज्या बर्फात पहिला माग पाडणाऱ्याला सर्वांत जास्त श्रम पडतात आणि मागून येणाऱ्यांना तयार चाकोरी मिळते. म्हणून दमदार माणसे आळीपाळीने पुढे होतात आणि नवखा त्यांच्या मागाने येतो. नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी काही नियम घालून दिलेले आहेत आणि 1967 च्या ईस्टरमधील अपघातांनंतर त्यांचा मोठा प्रसार झाला. वेळीच मागे फिरावे, त्यात कमीपणा नाही, अशा आशयाचा नियम त्यांत आहे. नियम शहाणपणाचा आहे यात शंका नाही. पण मागे कोणी फिरावे, एकट्याने की सर्वांनी, हे तो सांगत नाही, आणि धर्मविचाराला नेमके तेथेच काम आहे.

या विचाराची पहिली पायरी ‘अधिकार’ ही संकल्पना होय. धर्मशास्त्रात अधिकार म्हणजे सत्ता नव्हे, तर एखादे कर्म करण्याची पात्रता. यज्ञाचा अधिकार कोणाला, संन्यासाचा कोणाला, याची चर्चा शास्त्रकारांनी पानोपानी केली आहे. महाभारताच्या वनपर्वात मात्र तीर्थयात्रेचे माहात्म्य सांगताना वेगळा सूर लागतो: यज्ञाला विपुल सामग्री लागते, तो राजांना आणि धनिकांना साधतो, दरिद्री माणसाला परवडत नाही, तीर्थयात्रा मात्र त्यालाही शक्य असून ती यज्ञांहूनही श्रेष्ठ आहे. रत्नागिरी जिल्ह्यात 1880 मध्ये जन्मलेल्या आणि 1963 मध्ये भारतरत्न मिळालेल्या पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या बृहद् इतिहासात तीर्थयात्रेला मोठा विभाग दिला आहे, हे अकारण नाही. पायांनी करावयाच्या या कर्मात पात्रतेच्या अनेक भिंती खाली येतात. भिंती खाली आल्या, तरी पायांतील फरक उरतोच. धनाने आणि जन्माने अडलेला माणूस वाटेवर आला, आणि वाटेवर येताच दमाने अडला.

वनपर्वानेच या अडचणीला तोंड दिले आहे. लोमश ऋषींबरोबर तीर्थयात्रेला निघण्यापूर्वी, सोबतीचा भार हलका करावा या त्यांच्या सल्ल्यावरून, भूक, तहान, वाटेचा शीण आणि थंडी ज्यांना सोसवणार नाही त्यांना युधिष्ठिर परत पाठवतो. मिष्टान्नाच्या ओढीने बरोबर असलेल्यांनाही तो निरोप देतो, आणि सहलीला डब्यांच्या भरवशावर येणारे सोबती व्यासांच्या काळापासून आहेत हे त्यावरून कळते. या निरोपात कठोरपणा नाही, कारण परत जाणाऱ्यांच्या चरितार्थाची वाट तो दाखवून देतो. पुढे हिमालयाच्या पायथ्याशी, गंधमादन पर्वताची बिकट चढण समोर असताना, तो आणखी एक पाऊल टाकतो: भीमाने द्रौपदी आणि सहदेव यांच्यासह गंगाद्वारी थांबावे, आपण नकुल आणि लोमश यांना घेऊन पुढे जाऊ, असे सुचवतो. भीम हे साफ नाकारतो. द्रौपदीला अर्जुनाच्या भेटीची ओढ आहे, सर्वांनी मिळूनच जावे, जेथे तिला चालवणार नाही तेथे आपण तिला उचलून नेऊ, असे त्याचे म्हणणे असते आणि तेच मान्य होते. वाटेत वादळात सापडून द्रौपदी मूर्च्छित पडते, तेव्हा भीम घटोत्कचाला पाचारण करतो. आणि घटोत्कच द्रौपदीला खांद्यावर घेतो, तसे त्याचे राक्षस सहकारी पांडवांना आणि ब्राह्मणांनाही उचलून नेतात. दुर्बलासाठी केलेली सोय सबळांनीही मुकाट्याने स्वीकारली, ही गोष्ट कथेच्या ओघात नजरेतून सुटते. तिच्यामुळे द्रौपदी एकटी ओझे ठरत नाही.

या दोन प्रसंगांतून एक भेद हाती लागतो. पात्रतेची परीक्षा संकल्पापूर्वी करावयाची असते; संकल्प म्हणजे कर्माच्या आरंभी केलेला, स्वतःला बांधून घेणारा निश्चय. निघण्यापूर्वी ‘हे तुला झेपणार नाही’ असे सांगणारा मित्र युधिष्ठिराच्या पंक्तीत बसतो. एकदा सर्वांनी मिळून संकल्प केला, की चाल ही कोणा एकाची मालमत्ता राहत नाही, ती त्या मंडळींची होते, आणि तेव्हा थांबणे किंवा मागे फिरणे हे नवख्यावर केलेले उपकार नसून दिलेल्या शब्दाची पूर्तता असते. दया करणारा ती केव्हाही आवरती घेऊ शकतो. कर्तव्याला तशी मुभा नाही.

यावर महाभारतातूनच आक्षेप घेता येईल. सतराव्या, महाप्रस्थानिक पर्वात पाच पांडव आणि द्रौपदी हिमालय ओलांडून जात असता द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन आणि भीम एकामागून एक कोसळतात, आणि युधिष्ठिर मागे वळूनही न पाहता चालत राहतो. हा आक्षेप दिसतो तेवढा बळकट नाही. महाप्रस्थान म्हणजे देह पडेपर्यंत चालत राहण्याचे व्रत. त्यात परतीचा विचारच नाही, आणि धर्मशास्त्रकारांनी ते कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या आचारांत, घातले आहे. संध्याकाळी खेडच्या स्टँडवर परतून चहा पिण्याचा बेत असलेल्या मंडळींनी त्याचा दाखला देण्यात अर्थ नाही.

त्या पर्वातील अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरी आहे. भीम प्रत्येक वेळी विचारतो की हा का पडला, आणि युधिष्ठिराजवळ प्रत्येक वेळी उत्तर तयार असते: द्रौपदीचा अर्जुनाकडे कल अधिक, सहदेवाला बुद्धीचा गर्व, नकुलाला रूपाचा. मागे पडणाऱ्याच्या अंगी दोष असलाच पाहिजे ही समजूत डोंगरवाटांवर अजून जिवंत आहे. त्याने सराव केला नाही, त्याचे वजन फार, त्याने बूट चुकीचे आणले, असे पुढे गेलेले बोलत असतात. कारणे खरी असू शकतील, पण ती शोधण्याची ही वेळ नव्हे, आणि वेळ चुकलेले सत्य येथे सोडून जाण्याचे समर्थन बनते. महाभारतकाराला हे टोचले असावे असे मानण्यास जागा आहे, कारण सोबत आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गात जाण्यास तोच युधिष्ठिर नकार देतो, आणि पुढच्या पर्वात भावंडे नरकात आहेत असे दिसताच स्वर्ग सोडून तेथेच राहण्याचे ठरवतो.

रत्नागिरीतच 1856 मध्ये जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात लोकसंग्रहावर, म्हणजे ज्ञानी माणसाने स्वतःचे काही साधावयाचे उरले नसतानाही लोकांना धरून आणि मार्गावर ठेवण्यासाठी कर्म करीत राहण्यावर, भर दिला आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील या विचाराचे विवरण करताना ज्ञानेश्वरांनी वाटेचाच दृष्टांत घेतला आहे: आंधळ्याच्या सोबतीने चालणारा डोळस पुढे असतो, पण त्याच्या बरोबरीने असतो, आणि तसाच अजाणांना धर्म आचरणातून दाखवावा. पुढे असणे आणि सोबत असणे यांत येथे विरोध राहत नाही; डोळसाची दृष्टी त्याच्यापाशीच राहते, फक्त पावलांचा वेग आंधळ्याचा होतो. पावसचे स्वामी स्वरूपानंद (1903–1974) यांनी ज्ञानेश्वरी सोप्या अभंगांत उतरवली, तीही याच वृत्तीची साक्ष मानता येईल.

डोळसाचे काहीच नुकसान होत नाही, असे मात्र म्हणू नये. सुमारगडाचा माथा पाहण्याचा आनंद खरा असतो आणि तो बुडतो. नवख्यामुळे जाणकारांना संयम शिकायला मिळतो, अशी समजूत काही जण घालतात. ती गोड असली तरी तिच्यात नवखा माणूस न राहता दुसऱ्याच्या साधनेचे साधन होतो, म्हणून ती नाकारणेच बरे. नवख्यावरही एक बंधन आहे. दम लागल्याचे त्याने वेळेवर सांगावे. भिडेपोटी लपवलेला थकवा हे असत्यच, आणि उतरणीला अंधार पडल्यावर त्याची किंमत सगळ्यांना मोजावी लागते.

म्हणून तिन्ही किल्ले एका दमात करावयाचे असतील, तर तशी सोबत खेडहून निघण्यापूर्वी निवडावी आणि ज्याला नाही म्हणायचे त्याला तेव्हाच तोंडावर सांगावे. नवख्याला बरोबर घेतलेल्या दिवशी सुमारगड राहिला आणि सगळेच रसाळगडावरून उतरले, तर तो दिवस पुरा झाला असेच धरले पाहिजे.