जोडा कोणाच्या कातड्याचा?

दिवाळीला नव्या कपड्यांबरोबर नवे जोडेही येतात. किनवटच्या बाजारात गिऱ्हाईक जोडा वाकवून पाहते, नाकाशी नेते आणि मग भावाची घासाघीस करते. आम्ही मास्तर मंडळी तर त्यात फार पटाईत! परंतु हे कातडे कोणाचे, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही.

बाराव्या शतकात तो बसवकल्याणला एका माणसाला पडला. हे गाव आज कर्नाटकात आहे. 1956 पर्यंत ते आणि आम्ही एकाच हैदराबाद राज्यात होतो. हरळय्या चांभाराच्या एका नमस्काराला बसवण्णांनी दोन नमस्कारांनी उत्तर दिले. तो जादा नमस्कार हरळय्याला ऋण वाटला आणि, कथा सांगते की, त्याने व त्याच्या बायकोने स्वतःच्या मांडीच्या कातड्याचा जोडा करून त्यांच्यापुढे ठेवला. बसवण्णांनी तो पायात घातला नाही. लोक हरळय्याच्या भक्तीला हात जोडतात. मला बसवण्णांचे ते थबकणे अधिक मोलाचे वाटते.

कारण ही निव्वळ कथा नव्हे. कातडे कमावताना केस काढण्यासाठी ते चुन्यात आणि सल्फाइडमध्ये भिजवतात. उघड्या हातांनी काम करणाऱ्याचे कातडे कोणते आणि जनावराचे कोणते, हे त्या पाण्याला कळत नाही. पूर्वी बाभळीची, तरवडाची साल आणि हिरडा घालून कातडे कित्येक आठवडे मुरत पडे. आज बहुतेक कातडे क्रोमच्या क्षारांनी झटपट तयार होते. जुन्या पद्धतीचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, त्या कुंडातही दिवसभर एकाच जातीची माणसे उभी असत, आणि ती दुर्गंधी गावाने वेशीबाहेर ठेवली होती.

तमिळनाडूतल्या चर्मोद्योगाने नासवलेल्या पाण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली निकाल दिला, की जो घाण करील त्याने भरपाई द्यावी. निकाल उत्तमच होता. परंतु त्याच राज्यात, राणीपेठला, 31 जानेवारी 2015 च्या रात्री सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातील गाळाच्या टाकीची भिंत फुटली, आणि शेजारच्या कारखान्यात झोपलेले 10 मजूर त्या गाळात मेले. पाणी वाचवायला बांधलेली टाकी, आणि तिच्याखाली माणसे! नदीची काळजी एका वहीत आणि मजुराची दुसऱ्या वहीत लिहिली की असे होते.

कोणी म्हणतील, तो धंदाच बंद करा. चांभाराचा मुलगा शिकून दुसऱ्या कामाला लागला तर मास्तर म्हणून मला आनंदच आहे. पण जोडे कोणी घालायचे सोडलेले नाही. त्याची जागा दूरच्या प्रांतातला कोणी गरजू घेतो, आणि दुर्गंधी तेवढी नव्या नाकापुढे जाते.

म्हणून हातमोजे, रबरी बूट, मोकळी हवा आणि सांडपाण्याची व्यवस्था हा खर्च जोड्याच्या किमतीतच धरला पाहिजे. जोडा महागेल, हे कबूल. मालक तो खर्च आपण होऊन करील, असे मला वाटत नाही. सरकारी तपासनीस वर्दी न देता आला पाहिजे, आणि टाकीत माणूस उतरवण्याआधी आतली हवा तपासली का, हे त्याने मालकाला नव्हे, मजुरालाच विचारले पाहिजे.