परदेशगमन आणि कृतघ्नता

विद्वान् तरुण परदेशीं स्थायिक झाला कीं आपण त्यास कृतघ्न ठरवून मोकळे होतों. हा न्याय अपुरा आहे. छपाईचे खिळे पाडण्याचें नवें यंत्र शोधणारे मुंबईचे शंकर आबाजी भिसे यांना लंडन व न्यूयॉर्क येथें आश्रय शोधावा लागला. १९३५ सालीं ते तिकडेच वारले. उलट शंतनुराव किर्लोस्कर अमेरिकेंत १९२६ सालीं यंत्रशास्त्राची पदवी मिळवून किर्लोस्करवाडीस परतले. औंधच्या अधिपतींनीं दिलेल्या ओसाड माळावर वडिलांनीं १९१० सालीं उभारलेला नांगरांचा कारखाना त्यांच्या विद्येसाठीं तेथें सिद्ध होता. म्हणून साताऱ्याच्या वा सांगलीच्या पित्यानें मुलास निरोप देतांना ‘परत येशील ना?’ असें अवश्य विचारावें. परंतु त्याआधीं स्वतःस विचारावें कीं, त्यानें परतून राबावें असें आपण येथें काय उभारलें आहे?