दोष कोणाचा?



काही बालकांची त्वचा जन्मतःच इतकी नाजूक असते की कपड्याची शिवण घासली तरी फोड येतो आणि कातडी सुटते. ‘एपिडर्मोलिसिस बुलोसा’ हे या दुर्मीळ आनुवंशिक आजाराचे नाव. फुलपाखराच्या पंखांवरून या मुलांना ‘फुलपाखरू मुले’ म्हणतात. हा आजार संसर्गजन्य नाही. तरीही असे मूल दिसले की आपल्या मनात येते, आईबापांनी काय बरे केले असेल? जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही येशूला असेच विचारले होते. येशूने त्या माणसालाही दोष दिला नाही आणि त्याच्या आईबापांनाही नाही.

कारण वेगळे आणि दोष वेगळा. या आजाराच्या काही प्रकारांत आई आणि वडील या दोघांकडून एकेक सदोष जनुक मुलाकडे येते. ते दोघे स्वतः निरोगी असतात. त्यांना याची कल्पनाही नसते. त्यांच्या प्रत्येक मुलात आजार उतरण्याची शक्यता २५ टक्के असते. जे ठाऊक नव्हते आणि निवडलेही नव्हते, त्याचा अपराध कसा होईल?

२०१५ साली जर्मनीतील बोखुम शहरात, सीरियातून आलेल्या कुटुंबातील सात वर्षांचा एक मुलगा इस्पितळात मरणाच्या दारी होता. त्याची बहुतेक कातडी गेली होती. वेदना कमी करण्यापलीकडे काही उरले नव्हते. वडिलांनी आणखी काही करून पाहण्याची विनंती केली. इटलीतील मिकेले दे लुका यांच्या पथकाने मुलाच्या शाबूत त्वचेचा लहानसा तुकडा घेतला, त्यातील पेशींत निर्दोष जनुक घातले आणि प्रयोगशाळेत नवी त्वचा वाढवली. शस्त्रक्रिया करून ती त्याच्या अंगाच्या सुमारे ८० टक्के भागावर बसवली. २०१६ साली तो पुन्हा शाळेत जाऊ लागला.

कारण शोधणाऱ्यांनी त्या मुलाला कातडी दिली. दोष शोधणाऱ्यांनी आजवर कोणत्या मुलाला काय दिले?

असा उपचार प्रत्येकाला लाभत नाही. बहुतेक घरांत रोजची मलमपट्टीच असते. अशा बाळाला काखेत हात घालून उचलता येत नाही. एक हात मानेमागे आणि एक बुडाखाली ठेवून हळूच उचलावे लागते. पोटच्या लेकराला कुशीत घेतानाही जी आई इतकी जपते, तिला आपण शब्दांनी आणखी जखम करावी काय?

म्हणून अशा घरी जाऊ तेव्हा “हे कसे झाले?” असे विचारायला नको. “पट्टी बदलताना मदतीला थांबू का? बाजारातून काही आणू का?” एवढे विचारू या, आणि विचारले ते करू या.