परातभर तांदूळ

एक शेतकरी होता. त्याच्या बायकोच्या छातीत गाठ निघाली. तालुक्याच्या डॉक्टरांनी परळच्या टाटा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. दोघं मुंबईला आली आणि दादरला, गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत उतरली.

बायोप्सीचा रिपोर्ट आला, तेव्हा शेतकरी एकटाच डॉक्टरांसमोर गेला. बाहेर येऊन बायकोला म्हणाला, "साधी गाठ आहे. औषधाने जाईल."

बायको म्हणाली, "बरं झालं बाई." आपण कुठल्या दवाखान्यात बसलोय, हे तिला दिसत नव्हतं थोडंच!

धर्मशाळेत एक म्हातारी होती. नातवाला रक्ताचा कॅन्सर, म्हणून ती कित्येक महिने तिथेच होती. शेतकरी रात्री नळावर घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसतो, हे तिने पाहिलं. ती शेजारी जाऊन बसली. शेतकऱ्याला रडू फुटलं. "आजी, कॅन्सर आहे. पण तिला कळू देऊ नका. हाय खाईल ती."

दुसऱ्या दिवशी शेतकरी औषधं आणायला गेला आणि त्याची बायको म्हातारीकडे आली. "आजी, मी फाइल वाचली. मला कॅन्सर आहे. पण मला कळलंय हे ह्यांना सांगू नका. खचतील ते."

म्हातारीने दोघांनाही शब्द दिला. तो पाळलाही.

तिसऱ्या दिवशी तिने परातभर तांदूळ आणून दोघांच्या मध्ये ठेवले. म्हणाली, "खडे फार आहेत. निवडून होईपर्यंत कुणी उठायचं नाही." आणि निघून गेली.

खडे दोन-चारच होते. अर्धी परात झाली, तरी कुणी बोललं नाही. मग बायकोने एक दाणा उचलून बाजूला टाकला.

"अगं, तो तांदूळ होता," शेतकरी म्हणाला.

"आणि गाठ? ती साधी आहे?"

शेतकऱ्याचा हात थांबला. मग दोघं बोलली, रडली, थोडी भांडलीही. कांदा कोण काढणार, लेकीला काय सांगायचं, केस गेले तर गावात कसं जायचं, सगळं निघालं. म्हातारी परत आली, तेव्हा तांदूळ तसेच पडले होते.

"आजी, तुम्हाला दोघांचंही ठाऊक होतं?" शेतकऱ्याने विचारलं.

"होतं की. दुखणं एकाच्या अंगात असतं, पण सोसतं सगळं घर. लपवून सोसलं की जो तो एकटा पडतो."

बायको जरा वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणि आजी, तुमचं कोण ऐकतं?"

म्हातारीला उत्तर सुचेना. बायको सरकली, शेजारी जागा केली आणि परात तिच्याकडे ढकलली.

त्या दिवशी तिघांचीही जेवणं फार उशिरा झाली.