अभिरुचीची उत्पत्ती आणि अभिरुचीचे समर्थन

अभिरुचीविषयक चर्चेतील एक विषमता सहसा दुर्लक्षित राहते. स्वतःच्या आवडीविषयी बोलताना आपण गाण्याकडे बोट दाखवतो : चाल कोठे वळते, स्वर कोठे थबकतो, शब्द तालाला कसा ओढून धरतो. दुसऱ्याची न पटणारी आवड मात्र आपण त्या माणसाकडे बोट दाखवून उलगडतो : त्याचे वय, त्याची वस्ती, त्याचे शिक्षण, त्याच्यावरील जाहिरातींचा मारा. स्वतःच्या आवडीचे आपण समर्थन करतो. दुसऱ्याच्या आवडीची केवळ उत्पत्ती सांगतो. लोकप्रिय संगीताविषयीचे बरेचसे विवेचन या विषमतेवर उभे आहे. म्हणून हा प्रश्न जितका सौंदर्यशास्त्रीय तितकाच नैतिकही आहे.

विषमतेचा ठळक दाखला आपल्याकडील नभोवाणीच्या इतिहासात सापडतो. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. चित्रपटसंगीत हीन अभिरुचीचे आणि पाश्चात्त्य अनुकरणाने दूषित झालेले आहे, अशी त्यांची धारणा होती. आकाशवाणीवर त्याचे प्रसारण जवळजवळ थांबले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ त्याच वर्षी सुरू झाली. अखेरीस १९५७ मध्ये आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. शास्त्रीय संगीताला नभोवाणीवर प्रतिष्ठेचे स्थान मिळवून देण्यात केसकरांचा वाटा मोठा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो निवाड्याच्या रीतीवर. ज्या वर्षी हे धोरण आले त्याच वर्षी उस्ताद अमीर खाँ आणि पं. द. वि. पलुस्कर यांचे गायन असलेला ‘बैजू बावरा’ प्रदर्शित झाला होता. गीत ऐकून नव्हे, तर त्याची जात पाहून निकाल दिला गेला. आणि श्रोत्याला काय ऐकू येते, हे विचारण्याची गरजच भासली नाही.

या वृत्तीला अधिक सूक्ष्म तात्त्विक आधारही मिळालेला आहे. लोकप्रिय संगीताच्या बाबतीत गाणे आवडणे आणि ते ओळखीचे असणे यांतील भेदच मावळतो, असे थिओडोर अडॉर्नो यांनी १९३८ मधील निबंधात प्रतिपादिले. यात तथ्य आहे. परंतु परिचित बंदिशीची सम येताच मैफलीत डोलणाऱ्या माना ओळखीच्याच आनंदाने डोलत नाहीत काय? पिएर बोर्द्यू यांचे विश्लेषण अधिक समन्यायी आहे. १,२१७ व्यक्तींच्या पाहणीवर आधारलेल्या ‘डिस्टिंक्शन’ (१९७९) या ग्रंथात त्यांनी बाखच्या रचनांची आवड आणि ‘ब्लू डॅन्यूब’ची आवड या दोहोंचेही वर्गीय मूळ दाखवले. अभिजाताचा रसिकही येथे उत्पत्तीतून सुटत नाही.

मग समर्थन उरतेच कोठे? अभिनवगुप्तांची सहृदयाची कल्पना येथे उपयोगी पडते. सहृदय जन्मतः सिद्ध नसतो. काव्याच्या सततच्या अनुशीलनाने त्याचे मन आरशासारखे निर्मळ झालेले असते. म्हणजेच संस्कार हा आस्वादातील अडथळा नसून आस्वादाची अट आहे. कान घडवलेला आहे, एवढ्यावरून त्याला ऐकू आलेले खोटे ठरत नाही.

माझे स्वतःचे उदाहरण देतो. आमच्या घरी शास्त्रीय संगीताला मान होता, चित्रपटगीताला केवळ सवड होती. राहुलदेव बर्मन यांचे ‘यादों की बारात’ (१९७३) मधील ‘चुरा लिया है’ हे गीत मला श्रेष्ठ वाटते, त्यात त्या चोरट्या सवडीचा वाटा नक्कीच आहे. पण आरंभीचा काचेच्या पेल्याचा किणकिणाट, त्यानंतर येणारी गिटार आणि बोलण्याच्या जवळ राहणारा आशा भोसले यांचा स्वर यांतून एक जवळीक निर्माण होते, असेही माझे म्हणणे आहे. पहिले विधान माझ्याविषयी आहे. दुसरे गीताविषयी आहे आणि ते कोणीही ऐकून खोडून काढू शकतो. सौंदर्यनिर्णय सिद्ध करता येत नाही, तरी तो इतरांच्या संमतीची अपेक्षा धरतो, असे कांट म्हणतो ते याच अर्थाने.

आज श्राव्यसेवांची शिफारस-यंत्रणा आपण आणि आपल्यासारख्यांनी काय ऐकले यावरून पुढचे गीत सुचवते. विषमता तेथे मिटली आहे खरी, पण सर्वांनाच ‘दुसरा’ ठरवून : उत्पत्तीचा हिशेब आहे, समर्थनाला जागा नाही. समीक्षेचे काम येथेच सुरू होते. न आवडणाऱ्या गाण्याच्या श्रोत्याला ‘हे तुला का आवडते’ असे विचारताना त्याचा वर्ग किंवा वय आधीच गृहीत न धरता, ‘तुला यात काय ऐकू येते’ असे विचारणे आणि मिळालेल्या उत्तरानिशी ते गाणे पुन्हा ऐकणे, एवढे तरी तिने करावयास हवे. त्यानंतरही नापसंती उरली तर ती निःसंकोच नोंदवावी; कारण तेव्हा ती गाण्याविषयीची असेल.