भंडारदऱ्याच्या काठावर घर घ्यावे का?

पाण्याकाठी घर असावे ही इच्छा वाईट नाही, हे आधीच मान्य करून बोलायला हवे. मुंबईत, पुण्यात किंवा नाशकात उमेदीची वर्षे नोकरीत घालवलेल्या माणसाला अकोले तालुक्यातला भंडारदरा खुणावतो. समोर रतनगड, पाठीशी कळसूबाई, मधे पसरलेला जलाशय, काठाने आंबा, जांभूळ, हिरडा, बेहडा. रतनवाडीत हजार वर्षांहून जुने अमृतेश्वराचे शिल्पसंपन्न देऊळ. असा शेजार लाभणार असेल तर तुम्ही विचारणारच, "आमच्या कष्टाचा पैसा आहे. विकणारा राजी आहे. मग आम्ही घ्यायचे का नाही?" प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही आडवळणाने देत नाही. या काठावर तुम्हाला जे हवे आहे ते विकणाऱ्याच्या मालकीचे नाही, आणि जे त्याच्या मालकीचे आहे ते तुम्ही घेतल्याने तुम्हाला हवे असलेले थोडे थोडे नाहीसे होते. सुट्टीपुरते उघडायचे आणि एरवी कुलपात ठेवायचे घर या काठावर घेऊ नये, असे माझे मत आहे. ते का, हे सांगतो. तुमचे आक्षेपही टाळत नाही.

पाण्यापासून सुरुवात करू. जाहिरातीत याला 'लेक व्ह्यू' म्हणतात, पण भंडारदऱ्याला नैसर्गिक तळे नाही. प्रवरेवर 1910 साली बांधायला घेतलेले आणि 1926 साली पुरे झालेले हे दगडी धरण आहे. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. भिंतीची उंची 82 मीटर, साठा 11,039 दशलक्ष घनफूट, म्हणजे अकरा टीएमसी. हा साठा केला तो खालच्या अंगाच्या दुष्काळी रानासाठी. संगमनेर, श्रीरामपूर, राहाता, राहुरीकडच्या उसामागे हेच पाणी आहे. 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना चालू केला, तोही याच सिंचनाच्या बळावर. धरण साधारण ऑगस्टच्या मध्याला भरते आणि मग आवर्तनांमागून आवर्तने सुटू लागतात. पाणी कधी आणि किती सोडायचे हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते, आणि टंचाईच्या वर्षी थेट जायकवाडीपर्यंतचे हक्क पुढे येतात. पाणी उतरते तसा काठ खाली सरकतो आणि उन्हाळ्यात बंगल्याच्या व्हरांड्यासमोर उघडा, भेगाळलेला उतार उरतो. तुम्ही ज्या दृश्याचे पैसे मोजता ते खाली उसाला पाणी देण्यासाठी उभारलेल्या व्यवस्थेचे चार-पाच महिन्यांचे रूप आहे. विकणाऱ्याला ते देता येत नाही आणि तुम्हाला ते राखता येत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, "पाण्याचे राहू द्या. झाडी, शांतता, रात्रीचा काळोख तरी आमचा होईल की नाही?" याच ठिकाणी मला अधिक थांबावेसे वाटते, कारण खरे मोल याचेच आहे. जलाशयाभोवतीचा मोठा प्रदेश 1986 साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आला. त्याच्याही आधीपासून इथली झाडे टिकली ती महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांच्या जगण्याशी बांधलेली होती म्हणून. हिरडा वेचून विकता येतो, जांभूळ-आंबा खाता येतो, सादड्याचे लाकूड घराला लागते, म्हणून झाड राखले जाते. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या तोंडावर, याच हिरडा-बेहडा-सादडा-जांभळांवर लाखो काजवे एका लयीत उजळतात आणि ते पाहायला शहरे लोटतात. काजव्याचा उजेड ही नर-मादीची परस्परांना दिलेली खूण असते. भोवती दिवे वाढले की खूण हरवते, जोड्या जमत नाहीत, पुढची पिढी घटते. म्हणजे या झाडांचे सौंदर्य टिकायचे तर त्यांच्याजवळ रात्री अंधार असला पाहिजे, आणि अंधार राहतो तो तिथे घरे विरळ आहेत म्हणून. गावाने गरिबीमुळे, वनखात्याने नियमामुळे आणि डोंगराने अडचणीच्या वाटांमुळे जे राखले त्याची किंमत कुठल्याही खरेदीखतात लिहिलेली नसते. ती तुम्ही भरत नाही, फक्त वापरता.

"पण माझ्या एका घराने काय मोठे होणार आहे?" एका घराने खरोखरच फारसे काही होत नाही, आणि म्हणूनच हा युक्तिवाद फसवा आहे. प्रत्येक घेणाऱ्याच्या दृष्टीने आपले घर एकच असते. काठ भरतो तो अशा एकेका घरानेच. पुणे जिल्ह्यात वरसगाव जलाशयाकाठी लवासा उभे राहिले तेव्हाही प्रत्येक ग्राहकाला आपली एक खिडकी आणि तिच्यातून दिसणारे पाणीच दिसत होते. 2010 च्या नोव्हेंबरात पर्यावरण मंत्रालयाने तिथले काम थांबवायला लावले, 2018 साली कंपनीचे दिवाळखोरीचे प्रकरण न्यायाधिकरणाने दाखल करून घेतले, आणि डोंगर तोवर कापला गेला होता. भंडारदऱ्याला लवासा होईल असे मी म्हणत नाही. पण घाटघर-रतनवाडीला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, अहिल्यानगर शहरात सहाशेच्या आसपास. इतक्या पावसाच्या उतारावर सपाटी करायची, रस्ता काढायचा, आणि शोषखड्ड्याचे पाणी जलाशयाकडे जाणार नाही अशी हमी द्यायची, हे सुट्टीतल्या मालकाच्या आवाक्यातले काम नाही.

आता जमिनीकडे येऊ, कारण दुविधेचे मूळ तिथे आहे. अकोले तालुक्याचा हा पश्चिम पट्टा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 अ प्रमाणे, 1974 पासून, आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि तीही राज्य शासनाची पूर्वमान्यता घेऊन. शिवाय शेतजमीन घ्यायची तर घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो. हे सगळे ठाऊक असूनही कुणी साठेखत, कुलमुखत्यारपत्र किंवा दुसऱ्याच्या नावावर खरेदी अशा वाटा सुचवतो. त्या वाटेने घेतलेले घर न्यायालयात टिकण्याची शक्यता कमी आणि मनाला स्वस्थता त्याहून कमी. कायदा असा का झाला, हे या जिल्ह्याला तरी सांगावे लागू नये. याच अकोल्यातल्या देवगावच्या राघोजी भांगरे यांचे बंड इंग्रजांइतकेच सावकारांवर होते. 1848 साली ठाण्याला त्यांना फाशी झाली. 1875 साली सुप्यापासून पेटलेले दख्खनचे दंगे पुण्याबरोबर नगर जिल्ह्यातही पसरले. लोकांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे ओढून काढले आणि जाळले, कारण जमीन हातातून जात होती ती त्या कागदांवरून. त्यातूनच 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. अडचणीत सापडलेला माणूस राजीखुशीने जमीन देतो या समजुतीवरचा विश्वास या मातीत दीडशे वर्षांपूर्वीच उडाला.

इथे सर्वांत बळकट आक्षेप उभा राहतो आणि तो हलका समजू नये. "म्हणजे आदिवासी माणसाला स्वतःचे हित कळत नाही असे तुमचे म्हणणे? शहरातला माणूस आपला फ्लॅट कुणालाही विकतो. याने मुलीच्या शिक्षणासाठी जमीन विकायची ठरवली तर सरकार आडवे का येते?" या बोलण्यात सत्य आहे. या निर्बंधाची झळ खातेदारालाच बसते. त्याच्या जमिनीला गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव कमी, आणि तारणावर कर्ज मिळायलाही अडचण. आपल्याला निसर्ग हवा म्हणून त्याने कमी भावात अडकून राहावे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तरीही मला वाटते, त्याच्या स्वातंत्र्याचा दाखला घेणाऱ्याने आपल्या बाजूने देऊ नये. निर्बंध सैल करायचा की घट्ट ठेवायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्या समाजाचा आहे. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला जमिनीचे हस्तांतर रोखण्याचे अधिकार दिलेच आहेत. 2011 साली पश्चिम घाटाविषयी अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष माधव गाडगीळ यांनीही निर्णय ग्रामसभांपासून वर यावेत असाच आग्रह धरला होता. ते धनंजयरावांचे चिरंजीव. वडिलांनी प्रवरेचे पाणी शेतकऱ्यांच्या सहकारात आणले, मुलाने त्याच डोंगररांगांसाठी गावाचा शब्द मागितला, हा योगायोग मला महत्त्वाचा वाटतो. मुलीच्या शिक्षणासाठी पैसा उभा राहायला हवाच. पण त्यासाठी एकमेव गिऱ्हाईक तुम्ही असावे, ही मांडणी मोकळ्या बाजाराची नाही, अडलेल्या माणसाच्या बाजाराची आहे.

"आम्ही आलो तर गावात पैसा येईल," हे पुढचे म्हणणे. पैसा येतो, पण कसा येतो ते पाहावे. जमीन एकदाच विकली जाते. त्यानंतर कुलूप लावलेल्या बंगल्याकडून गावाला मिळते ती एका राखणदाराची नोकरी, आणि पुष्कळदा तो राखणदार जमिनीच्या पूर्वीच्या मालकाच्या घरातलाच असतो. याउलट शेंडीत, मुतखेलला, रतनवाडीत गावकऱ्यांच्याच घरात उतरणारा, त्यांच्याच हातची भाकरी आणि मासवडी खाणारा, त्यांनाच वाटाड्या म्हणून नेणारा पाहुणा दर हंगामाला पैसा ठेवून जातो आणि जमीन गावाकडेच राहते. तुम्हाला वर्षातले पंधरा दिवस हवेत, तर ते भाड्याने मिळतात. मालकीने त्यात भर पडते ती एवढीच की उरलेले साडेतीनशे दिवस ती जागा दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही.

"समजा बिगरशेती झालेला, निर्वेध, बिगरआदिवासी मालकाचा भूखंड मिळाला, आणि आम्ही कुंपण घातले नाही, बाहेर दिवे लावले नाहीत, देशी झाडे लावली?" मग कायद्याची हरकत संपते आणि तुमच्याविषयी आदरही वाटतो. पण घर तुमच्यानंतर वारसांकडे जाईल किंवा पुन्हा विकले जाईल, आणि तुमचा संयम खरेदीखतात उतरत नाही. त्यामुळे या बाबतीत मला एकच कसोटी पटते, आणि ती तुम्ही बाहेरचे की आतले याची नाही. जुलैत पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसत नाही, वीज जाते, रस्त्यावर दरड येते, तेव्हा तुम्ही तिथे असाल का? एवढा पाऊस पिऊनही इथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन पाण्यासाठी चालतात, तेव्हा तुम्ही तिथे असाल का? शाळेत शिकवायला, दवाखाना चालवायला, शेती करायला जो बारा महिने राहायला येईल, ग्रामसभेला जो बसेल, टंचाईत ज्याच्याही घरचा नळ कोरडा पडेल, त्याने सरळ कागदपत्राने घर घ्यावे. त्याला गावात घ्यायचे की नाही ते गाव ठरवील, आणि बहुधा आनंदाने ठरवील.

इतरांनी घेऊ नये. ज्यांचे मन तरीही मानत नाही त्यांना एवढेच सुचवतो की बयाणा देण्याआधी एक पूर्ण जुलै आणि एक पूर्ण मे महिना तिथल्याच एखाद्या घरात भाड्याने काढा, तलाठ्याकडून सातबारा आणि फेरफार स्वतः पाहा, आणि ग्रामसभेत जाऊन आपला विचार सर्वांसमोर सांगा. तिथे जे ऐकायला मिळेल ते एजंटच्या कार्यालयात मिळणार नाही.