दोन भागीदार आणि तिसरा



अरबीतील ‘शिर्क’ आणि ‘शिरकत’ हे शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत. अल्लाहच्या सत्तेत कोणाला भागीदार ठरविणे हे सर्वांत मोठे पाप. पण त्याच्या दासांनी व्यापारात एकमेकांचे भागीदार होणे वैध आहे, नव्हे, बरकतीचे आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहातील एका हदीसचा आशय असा की, भागीदारांपैकी एकजण दुसऱ्याशी विश्वासघात करीत नाही तोवर अल्लाह त्या दोघांतील तिसरा असतो. विश्वासघात झाला की तो त्यांच्यामधून निघून जातो.

भागीदार निवडताना आपण बहुधा त्याची नमाज पाहतो. ह. उमर (रजि.) यांच्याविषयी एक प्रसंग सांगितला जातो. एकाने दुसऱ्याच्या चारित्र्याची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी विचारले की, तू त्याचा शेजारी आहेस काय? त्याच्यासोबत प्रवास केला आहेस काय? दिनार-दिरहमचा व्यवहार केला आहेस काय? तिन्ही उत्तरे नकारार्थी आली. तेव्हा त्यांनी सांगितले की, मग तू त्याला मशिदीत उठता-बसताना पाहिले असशील. तू त्याला ओळखत नाहीस. मी स्वतः इमाम आहे, तरी सांगतो: पहिल्या सफेतील जागा हा व्यवहाराचा दाखला नव्हे.

असेच पहिल्या सफेतील दोघे रमजाननंतर माझ्याकडे आले. एकाने आखातातील कमाईतून 6 लाख रुपये घातले होते. दुसऱ्याने तीन वर्षे कापडाचे दुकान चालविले. बोली एवढीच: ‘निम्मे-निम्मे’. लेखी काही नाही. आता दुकानात 4 लाखांचा माल उरला होता आणि भांडवलदार दोन लाखांच्या तोट्यातील निम्मे, म्हणजे एक लाख, मागत होता.

एकाचे भांडवल व दुसऱ्याचे श्रम, यास फिकहमध्ये मुदारबत म्हणतात. तीत नफा ठरलेल्या प्रमाणात वाटतात; तोटा मात्र भांडवलावर पडतो, आणि राबणाऱ्याचे श्रम वाया जातात. हलगर्जी किंवा अटींचा भंग केला असेल तरच तो भरपाईस बांधील. हे ऐकून भांडवलदार म्हणाला, “मौलाना, तुम्ही त्याची बाजू घेता.” पण खरा प्रश्न पुढे होता. दोघेही घरखर्चासाठी उचल घेत आले होते. भांडवलदार दरमहा 10 हजार, दुसरा 6 हजार. तीन वर्षांत ती 3,60,000 आणि 2,16,000 झाली. अंतिम हिशेबापूर्वी घेतलेली उचल हिशेबात परत धरावीच लागते. ती धरताच बेरीज 9,76,000 निघाली. तोटा नव्हताच, 3,76,000 नफा होता. प्रत्येकाचा वाटा 1,88,000. राबणाऱ्याने 28 हजार जास्त उचलले होते, तेवढे त्याने देणे होते. आता तो गप्प झाला.

तीन वर्षांचे वैर एका वहीअभावी! भारतीय भागीदारी कायदा, 1932 तर करार नसेल तेथे नफा आणि तोटा दोन्ही समान धरतो. म्हणजे शरीअतीचा नियम पाळायचा असला, तरी तो लिहून ठेवणेच भाग आहे. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका असे ती बजावते. आपण मात्र लिहिण्यास अविश्वास समजतो. सख्ख्या भावांत तर हा संकोच अधिकच!

त्या दोघांनी दुकान चालू ठेवले. गेल्या महिन्यात ते कराराचा कच्चा मसुदा घेऊन आले. हिस्से, उचल, वही कोणाकडे राहील, सर्व होते; मृत्यूचे कलम नव्हते. भागीदाराच्या निधनाने भागीदारी संपते, कायदाही वेगळा करार नसेल तर तेच मानतो, आणि त्या दिवसापासून मृताचा हिस्सा वारसांचा होतो. दोघांचीही मुले लहान आहेत. अनाथांचा माल अन्यायाने खाणारे आपल्या पोटात आग भरतात, हा सूरह निसातील इशारा मी त्यांना वाचून दाखविला. मग ते कलम तेथेच, मशिदीच्या ओसरीत, माझ्याच पेनने लिहिले.